३.४ मानवी अपव्यापार : राजदूताचे पद आणि आपला तालुका

३.४.१ प्रास्ताविक

दसऱ्यानंतर गंगापूरच्या रस्त्यांवरून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या जाताना आपण पाहिल्या असतील. समजा, दोन जोडप्यांनी मुकादमाकडून सारखीच उचल घेतली. पहिले जोडपे हिशेब करून हंगामाच्या मध्येच परतू शकते. दुसऱ्याला मात्र ‘उचल फिटल्याशिवाय हलायचे नाही’ असे धमकावून अडवले जाते. दोघेही स्वखुशीने गेले होते. मग फरक कोणता? या उपघटकात आपण हा फरक समजून घेणार आहोत.

३.४.२ संकल्पना

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २३ ने माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार यांना मनाई केली आहे. ‘अप’ या उपसर्गाने ‘व्यापार’ या शब्दाला निंद्य अर्थ येतो, हे लक्षात घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या पालेर्मो करारानुसार फसवणूक, बळजबरी किंवा अगतिकतेचा गैरफायदा घेऊन शोषणासाठी माणसाला नेणे म्हणजे अपव्यापार होय. अशा वेळी त्याने दिलेली संमती ग्राह्य धरली जात नाही. भारताने या कराराला २०११ मध्ये अनुसमर्थन दिले. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्येही हेच तत्त्व आहे.

३.४.३ राजदूताचे पद

हा गुन्हा अनेकदा देशांच्या सीमा ओलांडतो. पोलिसांचा अधिकार मात्र सीमेपाशी थांबतो. ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकेने २००० च्या कायद्यानंतर आपल्या परराष्ट्र खात्यात स्वतंत्र कार्यालय स्थापन केले. त्याच्या प्रमुखास ‘ॲम्बॅसडर-ॲट-लार्ज’, म्हणजे कोणत्याही एका देशापुरता मर्यादित नसलेला राजदूत, असा दर्जा असतो. हे कार्यालय दरवर्षी अहवाल काढून देशांची श्रेणी ठरवते. तिसऱ्या श्रेणीतील देशांची काही मदत रोखता येते. २००४ ते २०१० या काळात भारत दुसऱ्या श्रेणीच्या निरीक्षण-सूचीत होता. २०११ मध्ये तो त्या सूचीतून बाहेर आला.

या व्यवस्थेवर आक्षेपही आहेत. एका राष्ट्राने इतरांचे परीक्षक का व्हावे, हा त्यांतील प्रमुख आक्षेप होय. अमेरिकेने स्वतःला या श्रेणीत बसवले ते २०१० मध्ये.

३.४.४ पदाची मर्यादा आणि स्थानिक जबाबदारी

राजदूत सरकारशी बोलू शकतो. उसाच्या फडातील कोपीपर्यंत तो पोहोचत नाही. तेथे १९७६ चा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा उपयोगी पडतो. कर्जापोटी काम सोडण्याचे, हिंडण्याफिरण्याचे किंवा बाजारभावाने श्रम विकण्याचे स्वातंत्र्य गमावणे म्हणजे वेठबिगारी, असे हा कायदा सांगतो. असे कर्ज तो रद्द ठरवतो. त्याच्या अंमलबजावणीचा भार जिल्हाधिकाऱ्यांवर असून जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्यांची तरतूद आहे. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरी ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाड मजुरांच्या प्रकरणात स्पष्ट केले.

३.४.५ सारांश

प्रत्येक उचल म्हणजे अपव्यापार नव्हे. ‘हा माणूस आज काम सोडून घरी जाऊ शकतो का?’ ही खरी कसोटी होय. परदेशातील राजदूताने आणि तालुक्यातील अधिकाऱ्याने विचारावयाचा प्रश्न हाच आहे. आपणही तो विचारू शकता.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. अपव्यापारात संमती ग्राह्य का धरली जात नाही?
२. आरंभीच्या दोन जोडप्यांतील फरक कायद्याच्या आधारे स्पष्ट करा.