कापसातला कचरा आणि जडत्व

आपल्या मालवणच्या किनाऱ्यावर कापूस पिकत नाही. तो पाहायचा तर विदर्भ-खानदेशात जावे लागते. तेथे शेतातून आलेल्या कापसात सरकी तर असतेच, शिवाय वाळक्या पानांचा चुरा, बोंडाची टरफले आणि मातीही असते. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होऊन रुई हाती येते. कचरा मात्र दोनदा काढावा लागतो.

सरकी काढण्यापूर्वीचे काम सोपे. खुंट्या बसवलेला सिलिंडर कापूस झोडपतो आणि खालच्या गजांच्या फटींतून माती व टरफले गळून पडतात.

खरी निवड पुढे, रुई साफ करताना करावी लागते. एका यंत्रात करवतीसारखे दाते असलेला सिलिंडर तंतू पकडून धारदार गजांवरून नेतो. समजा, त्याचा व्यास ४० सेंटिमीटर आहे आणि तो मिनिटाला १००० फेरे घेतो. कोनीय वेगाच्या वर्गाला त्रिज्येने गुणा. परिघावरचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २२० पट येईल! दात्यांनी धरलेला तंतू फिरत राहतो. सुटा कण स्पर्शरेषेच्या दिशेने निघतो आणि गजांवर आपटून खाली पडतो. पानाचा बारीक चुराही असा निघतो. पण दात्यांच्या ओढीने काही तंतू तुटतात, काहींच्या गुठळ्या होतात आणि थोडी चांगली रुईही कचऱ्यात जाते.

दुसऱ्या यंत्रात दातेच नाहीत. रुई हवेच्या झोताबरोबर नळीतून येते. नळी एके ठिकाणी एकदम वळते आणि तेथेच एक फट ठेवलेली असते. हलके तंतू हवेबरोबर वळतात. जड कण जडत्वामुळे सरळ जाऊन फटीतून बाहेर पडतात. भाताला वारा देताना असेच घडते, फक्त तेथे आपण जड ते ठेवतो आणि हलके सोडतो. या यंत्रात तंतू तुटत नाही, हा त्याचा मोठा गुण. मात्र पानाचा चुरा हलका, शिवाय तंतूंत गुंतलेला. तो रुईबरोबरच वळतो.

मग कोणते यंत्र चांगले? अमेरिकेत कापूस यंत्राने वेचतात. त्यात कचरा भरपूर, म्हणून तेथे दात्यांवाचून भागत नाही. आपल्याकडे बहुतेक कापूस हाताने वेचला जातो. वेचणाऱ्या बायांनी वाळके पान झाडावरच सोडले, तर दात्यांचे काम पुष्कळ कमी होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे महत्त्वाचे, कारण भाव तंतूच्या लांबीवरही ठरतो. दात्यांतून दोनदा काढलेली रुई अधिक स्वच्छ दिसते खरी. पण तिच्यात आखूड तंतू वाढलेले असतात, आणि गिरणीत तिचे सूत कच्चे निघते.