जुळ्यांचा हिशेब माहेरचा

पतीच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या जुळी जन्मत आली असली, तरी त्यामुळे त्याच्या पत्नीला भिन्न चेहऱ्यामोहऱ्याची जुळी होण्याची शक्यता वाढत नाही. सुनेच्या सोनोग्राफीत दोन गर्भ दिसले की ‘आमच्याकडे आहेतच जुळी’ असं सासरचे कौतुकानं सांगतात. विज्ञान मात्र माहेरी चौकशी करायला सांगतं.

जुळी दोन प्रकारची. एकच फलित बीज दुभंगलं, तर एकबीज जुळी होतात. जगभर कुठेही पाहा, त्यांचं प्रमाण दर हजार बाळंतपणांमागे चारच्या आसपास असतं. द्विबीज जुळ्यांसाठी एकाच महिन्यात दोन स्त्रीबीजं सुटावी लागतात. ती दोन वेगळ्या शुक्राणूंनी फळतात, म्हणून ही बाळं इतर सख्ख्या भावंडांइतकीच एकमेकांसारखी. बीजं किती सुटणार, हे आईच्या शरीरात ठरतं.

दर महिन्याला अंडाशयात अनेक फॉलिकल, म्हणजे बीज वाढवणाऱ्या द्रवभरल्या पिशव्या, वाढीला लागतात. त्यांना पोसणारं संप्रेरक म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येणारं एफएसएच. सगळ्यांत पुढे गेलेलं फॉलिकल स्वतःच असे संदेश सोडतं, की एफएसएच उतरू लागतं आणि बाकीची सुकून जातात. एफएसएच जरा जास्त किंवा जरा जास्त दिवस टिकलं, तर दुसरंही तग धरतं. जुळ्यांच्या आयांचा अभ्यास करून 2016मध्ये संशोधकांनी दोन जनुकं दाखवली, त्यांतलं एक एफएसएच घडवणारं आणि दुसरं अंडाशय त्याला किती प्रतिसाद देतं याच्याशी निगडित. ज्या स्त्रीच्या आईला किंवा बहिणीला द्विबीज जुळी झाली, तिची शक्यता इतरांच्या साधारण दुप्पट असते.

जुळी आईच्या जनुकांवर ठरतात, याचा ढळढळीत पुरावा सातारा जिल्ह्यात फलटणला चरतो आहे. आपली दख्खनी मेंढी बहुधा एका वेळी एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनातली इवलीशी गरोळ मेंढी मात्र सर्रास जुळी देते, कारण तिच्यात ‘फेक-बी’ नावाचं जनुक आहे. निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. चंदा निंबकर आणि सहकाऱ्यांनी ते दख्खनी मेंढ्यांत आणलं आणि ‘नारी सुवर्णा’ हा वाण तयार केला. कुठल्या कोकरात जनुक उतरलं, हे तपासायला पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची मदत झाली. गंमत अशी, की हे जनुक असलेला मेंढा कळपात सोडला, तरी त्याच्यापासून गाभण राहिलेल्या साध्या मेंढ्यांना जुळी होत नाहीत. पुढे त्याच्या मुली वितात, तेव्हा जनुकाचा प्रभाव दिसतो. माणसातही तसंच. जुळ्यांच्या घराण्यातला पुरुष तो वारसा बायकोला नाही, लेकीला देतो. मग त्या लेकीचं हे ‘माहेर’ म्हणजे तिच्या वडिलांचं घराणं.

जनुकांखेरीज वयही बोलतं. पुण्याच्या खराडीत ईऑन आयटी पार्कच्या परिसरात शिक्षण, नोकरी, फ्लॅटचे हप्ते असं करत पहिलं बाळंतपण तिशीपलीकडे जाणाऱ्या अनेकजणी भेटतात. वय वाढतं तशी गर्भ राहण्याची शक्यता घटते, पण राहिलाच तर जुळ्यांची शक्यता वाढते आणि पस्तीस ते एकोणचाळीसच्या सुमारास सर्वाधिक होते. बीजांचा साठा आटत आला की एफएसएचला लगाम घालणारे संदेश क्षीण होतात, एफएसएच चढं राहतं आणि कधीकधी दोन बीजं सुटतात. अनेक बाळंतपणं झालेल्या, उंच किंवा वजनदार स्त्रियांतही द्विबीज जुळी जास्त आढळतात. म्हणून कोणी वजन वाढवू नये. स्थूलपणामुळे गर्भारपणातला मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही बळावतात. जोडकेळ खाल्लं की जुळी होतात म्हणतात, त्याचा मात्र या सगळ्याशी काडीचाही संबंध नाही.

वंध्यत्वावरचे उपचार हेच गणित औषधानं बदलतात. क्लोमिफिनच्या गोळ्यांनी शरीर स्वतःचं एफएसएच वाढवतं आणि त्यातून राहिलेल्या शंभर गर्भांत पाच ते दहा जुळे असतात. आयव्हीएफमध्ये मात्र जुळ्यांचा प्रश्न गर्भाशयात किती भ्रूण सोडले यावर ठरतो. ‘एकदाच दोन झाली की मोकळे’ म्हणून दोन भ्रूणांचा आग्रह धरणारी जोडपी असतात. पण जुळ्यांपैकी निम्मी सदतिसाव्या आठवड्याआधीच जन्मतात आणि आईला रक्तदाबाचा, रक्तस्रावाचा धोका अधिक. म्हणूनच अनेक तज्ज्ञ आता एकच भ्रूण सोडण्याचा सल्ला देतात.

तेव्हा दिवस राहिल्यावर, किंवा उपचार सुरू करण्याआधी, पहिल्याच भेटीत डॉक्टरांना आपलं वय, आधीची बाळंतपणं आणि माहेरची जुळी सांगावीत. सासरच्या जुळ्यांचं कौतुक करायला बारसं आहेच.