पाटी आहे, पालिका नाही

टेक्सासमधल्या केटीला मुलाकडे सहा महिने राहून आलेलं कुणी ना कुणी आपल्या ओळखीत निघतंच. मुलाच्या पत्त्यात केटी, नातवंडांची शाळाही केटीच्या नावाची. पण तिथला मतदार झालेल्या मुलाला विचारा, केटीच्या महापौराला मत देतोस का? बऱ्याचदा उत्तर येतं, ‘नाही’. केटी नावाचं शहर आहे, पण आटोपशीर. त्या नावावर टपाल घेणारी पुष्कळशी घरं शहराच्या हद्दीबाहेर, हॅरिस किंवा फोर्ट बेंड काउंटीच्या थेट कारभाराखाली येतात. झिप कोड 1963 साली आले ते पत्रं वेळेवर पोचावीत म्हणून, गावांच्या हद्दी ठरवायला नव्हे.

नाव आहे म्हणजे गाव आहे आणि गाव आहे म्हणजे त्याचा कारभार आहे, हा आपला समज इथल्या सवयीतून येतो. आपल्याकडे दहा घरांची वाडीसुद्धा कुठल्या तरी ग्रामपंचायतीत मोडते. सरपंच भले शेजारच्या गावचा असेल, पण असतो. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत असं आपोआप घडत नाही. रहिवाशांनी राज्याच्या कायद्याप्रमाणे मागणी करून, बहुधा मतदान घेऊन नगरपालिका उभी केली, तरच ती वस्ती कायद्याच्या लेखी गाव. नाही केली, तर रस्त्यावर नावाची पाटी असते, चर्च असतं, पेट्रोल पंप असतो, महापौर नसतो. पोलिसाच्या जागी काउंटीचा शेरीफ, जमिनीची दप्तरं काउंटीकडे, रस्तेही बहुतेक काउंटीचे. अशा वस्तीला ‘अनइन्कॉर्पोरेटेड’ म्हणतात. अनेकांना तेच हवं असतं, कारण नगरपालिका आली की तिचा कर आणि तिचे नियमही आले.

आता ‘अनइन्कॉर्पोरेटेड’ म्हणजे माळरानावरची चार घरं, असं चित्र डोळ्यांपुढे आलं असेल तर लास वेगासला जाऊ. तिथल्या झगमगत्या कॅसिनोंचा जो प्रसिद्ध रस्ता, ‘स्ट्रिप’, त्याचा बराचसा भाग लास वेगास शहरात नाहीच. तो आहे क्लार्क काउंटीतल्या पॅराडाइज या अनइन्कॉर्पोरेटेड वस्तीत, जिची लोकसंख्या 2020 मध्ये 1 लाख 90 हजारांच्या वर होती. उलट नेब्रास्कातल्या बॉइड काउंटीतलं मोनोवाय पाहा. 2010 च्या जनगणनेत लोकसंख्या 1. तरीही ते रीतसर गाव! तिथल्या एकट्या आजीबाईच महापौर, त्याच कारकून, त्याच खजिनदार; स्वतःच्या खानावळीचा दारूचा परवानाही त्याच स्वतःला देत. आपल्याकडे एवढी बिनविरोध निवडणूक कुणाच्या नशिबी नाही.

काउंटी म्हणजे जिल्हा, हे भाषांतर सोयीचं आहे, पण फसवं. काउंटीला वरून नेमलेला कलेक्टर नसतो. कारभारी मंडळ लोक निवडतात, शेरीफही बहुतेक ठिकाणी निवडून येतो. टेक्सासात या मंडळाला ‘कमिशनर्स कोर्ट’ म्हणतात आणि प्रमुखाला ‘काउंटी जज’; तो वकील असलाच पाहिजे असं नाही. त्याच राज्यातल्या लव्हिंग काउंटीत 2020 साली अवघी 64 माणसं मोजली गेली, पण पसारा सुमारे 1,750 चौरस किलोमीटरचा. जज, कमिशनर, शेरीफ ही सगळी पदं एवढ्याच माणसांतून भरायची. तिचं मुख्य ठाणं मेंटोन, आणि त्यालाही नगरपालिका नाही.

सगळ्या अमेरिकेत हेच चालतं, असंही नाही. लुइझियानात काउंटीऐवजी ‘पॅरिश’ असतात. कनेक्टिकटने काउंट्यांचं सरकार 1960 मध्येच गुंडाळलं. व्हर्जिनियात 38 शहरं कुठल्याच काउंटीत मोडत नाहीत. आणि न्यू जर्सीत तर अनइन्कॉर्पोरेटेड जागाच उरलेली नाही. राज्याची इंचन्‌ इंच जमीन कुठल्या ना कुठल्या पालिकेत आहे. त्यामुळे एडिसनला राहणाऱ्या, मतदार झालेल्या पुतण्याला तोच महापौराचा प्रश्न विचारलात, तर तो मात्र ‘हो’ म्हणेल.