पत्रा ठोकून गाडी कळत नाही

धरणगाव-एरंडोल पट्ट्यात जुनी गाडी बघायला चार जण गेले, की त्यातला एक हमखास बॉनेटवर बोटं आपटतो. ‘पत्रा जाड शे ना भाऊ?’ आवाज भरीव आला तर गाडी मजबूत, पोकळ आला तर डबा. मग ॲव्हरेज, टायर आणि कागदपत्रं. धडक झाली तर आतला माणूस वाचेल का, याचा फैसला त्या टकटकीवरच होऊन गेलेला असतो.

खरं तर बॉनेटचा पत्रा माणसाला वाचवण्यासाठी नसतोच. गाडीचा पुढचा भाग चुरगळावा म्हणूनच तसा बनवतात. ताशी ६४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १८ मीटर. एवढ्या वेगातली गाडी समोरचा ६० सेंटिमीटर भाग चेपून थांबली, तर पट्टा लावलेल्या सत्तर किलोंच्या माणसावर सरासरी दोन टनांच्या आसपास जोर येतो. तो सोसता येतो. पट्टा नसलेला माणूस मात्र गाडी थांबली तरी पुढे जात राहतो आणि डॅशबोर्डवर पाचेक सेंटिमीटरांत थांबतो. जोर बारा पट होतो. म्हणून नाक चेपायला हवं आणि माणसं बसतात तो पिंजरा, म्हणजे खांब, उंबरा आणि छताची चौकट, जागच्या जागी राहायला हवा. हा पिंजरा किती टिकतो, हे बोटांनी कळत नाही. त्यासाठी गाडी आपटूनच बघावी लागते.

ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१४ पासून भारतातल्या गाड्या अशा आपटून पाहिल्या. ताशी ६४ किलोमीटर वेगाने, समोरचा चाळीस टक्केच भाग चेपणाऱ्या अडथळ्यावर आदळेल अशी ही धडक. समोरून येणारी गाडी चुकवताना प्रत्यक्षात होते तशीच. आत मापनयंत्रं बसवलेले पुतळे असतात, आणि त्यांना पट्टे लावलेले असतात.

आपल्याकडे रोज दिसणाऱ्या दोन गाड्या घेऊ. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मारुती स्विफ्टला मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी २ तारे मिळाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये टाटा नेक्सॉनने १७ पैकी १६.०६ गुण मिळवून ५ तारे पटकावले. हा मान मिळवणारी ती भारतातली पहिली गाडी. दोन्हींत दोनच एअरबॅग होत्या. फरक पडला तो पिंजऱ्यात: नेक्सॉनचा स्थिर राहिला, स्विफ्टचा अस्थिर ठरला.

पण तुलना इथेच संपवली तर फसगत होईल. त्याच पिढीची स्विफ्ट २०२२ मध्ये पुन्हा तपासली, तेव्हा १ तारा आला. गाडी बिघडली होती असं नाही. परीक्षेचा पेपर अवघड झाला होता: बाजूची धडक, गाडी घसरू न देणारी यंत्रणा आणि पादचाऱ्यांचं संरक्षण यांचाही हिशेब आता धरला जाऊ लागला. म्हणून २०१८ चे तारे २०२४ च्या ताऱ्यांशेजारी ठेवून बेरीज-वजाबाकी करता येत नाही.

नेक्सॉनची गोष्टही तशीच. ऑगस्ट २०१८ मध्ये तिला चारच तारे होते. सुधारणा करून ती पुन्हा चाचणीला उतरली आणि पाचवा तारा मिळाला. म्हणजे २०१८ च्या सुरुवातीची जुनी नेक्सॉन घेताना ‘पाच तारेवाली’ म्हणून जादा पैसे मोजणं चूकच.

आणि जड तीच सुरक्षित, हेही अर्धसत्य. नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या मारुती डिझायरने कठीण झालेल्या चाचणीत ५ तारे मिळवले. मारुतीची ही पहिलीच पंचतारांकित गाडी, आणि तिच्या पेट्रोल मॉडेलचं वजन हजार किलोंच्या आत आहे.

वजनाचं महत्त्व दिसतं ते समोरासमोरच्या धडकेत. ९०० आणि १८०० किलोंच्या दोन गाड्या ताशी ६४ ने एकमेकींवर आदळल्या, तर हलकीच्या वेगात ८५ किलोमीटरचा फरक पडतो, जडच्या वेगात ४३ चा. हलकीतल्या माणसाला दुप्पट हिसका. चाचणीतला अडथळा हा फरक दाखवत नाही, म्हणून तारे साधारण एकाच वजनाच्या गाड्यांचे ताडून पाहावेत. धरणगाव तालुक्यातल्या पाळधीजवळून जाणाऱ्या ५३ क्रमांकाच्या महामार्गावर समोर भरलेला ट्रक असेल, तर कोणतीही कार हलकीच. वेग ६४ वरून ८० झाला तरी धडकेची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते, तेव्हा चाचणीतले तारे त्या वेगाची हमी देत नाहीत.

रस्त्यावर कोणत्या मॉडेलमध्ये किती चालक दगावले, याची आकडेवारी अमेरिकेत दर दहा लाख नोंदणीकृत गाड्यांमागे प्रसिद्ध होते. आपल्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात वाहनांचे प्रकार असतात, मॉडेलं नसतात. त्याच अहवालानुसार २०२२ मध्ये पट्टा न लावलेले १६,७१५ जण गेले, आणि त्यातले ८,३३१ चालक नव्हते, प्रवासी होते. त्या वर्षी ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री कार अपघातात गेले. ते बसले होते त्या मर्सिडीजच्या मॉडेलला युरोपातल्या चाचणीत ५ तारे होते. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. ते दोघे दगावले आणि पुढचे दोघे गंभीर जखमी होऊन वाचले.

१ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली आहे. ती कंपन्यांना ऐच्छिक आहे, पण निकाल सगळ्यांसाठी खुले आहेत. गाडी ठरवताना तीन गोष्टी विचारा: तारे कोणत्या वर्षीच्या चाचणीतले, कोणत्या व्हेरिअंटचे, आणि लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी किती. जुनी गाडी असेल तर मागची सीट उचलून बघा. पट्टे कव्हरखाली दाबून टाकलेले असतील, तर ते बाहेर काढून, लावून बघितल्याशिवाय व्यवहार करू नका.