रिकामा रकाना म्हणजे भोपळा नव्हे!

इंटर्नल्सच्या मार्कांची एक्सेल शीट डोळ्यांसमोर आणा. पाच जणांचा ग्रुप आहे असं समजू. १८, १६, २०, १४ आणि पाचव्याच्या नावासमोर काहीच नाही. चौघांची सरासरी निघते १७. तोच रिकामा रकाना वाटेत कुठेतरी ० झाला, तर सरासरी थेट १३.६! पाचव्याचं तर विचारूच नका. तो बिचारा त्या दिवशी तापाने घरी झोपला होता आणि रेकॉर्डवर भोपळा घेऊन बसला.

ही गडबड कुणी मुद्दाम करत नाही. ती होते शीटमधला डेटा डेटाबेसमध्ये इम्पोर्ट करताना. कॉलेजच्या सर्व्हे प्रोजेक्टमध्येही हाच प्रवास असतो : गुगल फॉर्म, त्यातून सीएसव्ही फाइल आणि मग डेटाबेस. सीएसव्ही म्हणजे साधा मजकूर, मध्ये स्वल्पविराम. रिकामा रकाना तिथे दिसतो तो लागोपाठच्या दोन स्वल्पविरामांसारखा. त्या दोघांच्या मध्ये 'गैरहजर' दडलंय, 'पेपर तपासायचाय' की 'भरायचं राहिलं', हे फाइल काही सांगत नाही.

मग प्रत्येक डेटाबेस आपापल्या स्वभावाप्रमाणे अर्थ लावतो. पोस्टग्रेसची कॉपी कमांड सीएसव्ही वाचताना नुसत्या रिकाम्या जागेला 'नल' मानते, म्हणजे 'किंमत माहीत नाही'. पण तिथे दुहेरी अवतरणचिन्हांची रिकामी जोडी असेल, तर तो कोरा मजकूर धरते आणि कॉलम आकड्यांचा असेल तर एरर देऊन थांबते. मायएसक्यूएल जरा जास्तच समजूतदार! लोड डेटा वापरताना स्ट्रिक्ट मोड बंद असेल, तर आकड्यांच्या कॉलममध्ये ० टाकून पुढे सरकतं. वॉर्निंग येते, पण ती वाचतंय कोण? एसक्यूलाइटच्या इम्पोर्टमध्ये कोरा मजकूर आत जातो आणि सरासरी काढताना तो ० म्हणून मोजला जातो. ओरॅकल तर कोरा मजकूर आणि नल यांत फरकच करत नाही. मला विचाराल तर एरर देऊन अडणारा डेटाबेस बरा. निदान तोंडावर भांडतो तरी.

नल नीट आत गेला की सरासरी काढताना तो आपोआप वगळला जातो. आपल्या ग्रुपला १७ मिळतात. फक्त तो शोधताना 'बरोबर नल' असं लिहून चालत नाही, 'इज नल' लिहावं लागतं. जे माहीतच नाही, ते कशाच्या बरोबरीचं कसं असेल?

उलटी गंमतही होते. पायथनमधली पांडाज लायब्ररी सीएसव्ही वाचताना 'एनए' ही अक्षरं दिसली की रकाना रिकामा समजते. पण 'एनए' हा नामिबिया देशाचा कोडसुद्धा आहे. म्हणजे अख्खा देश गायब! कॅलिफोर्नियातल्या एका सिक्युरिटी रिसर्चरने तर हौसेने गाडीला 'नल' अशी नंबरप्लेट घेतली. ज्या चलनांवर गाडीचा नंबरच नव्हता, ती सगळी त्याच्या नावावर चढली. दंड १२ हजार डॉलरच्या पुढे गेला. २०१९च्या डेफ कॉन परिषदेत त्याने हा किस्सा सांगितला होता.

प्रोजेक्टपुरतं करायचं काय? फाइल आधी एका तात्पुरत्या टेबलमध्ये घ्या, सगळे कॉलम मजकुराचे ठेवून. मग 'नलइफ' फंक्शन वापरून कोऱ्या मजकुराचा नल करा आणि त्यानंतरच खऱ्या टेबलमध्ये आकडे म्हणून टाका. इम्पोर्ट झाल्यावर नल किती आले ते मोजा आणि शीटमधल्या रिकाम्या रकान्यांशी ताडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. शिवाय 'शेरा' असा एक जादा कॉलम ठेवा : गैरहजर, तपासणी बाकी, लागू नाही. त्यात नेमकं काय भरायचं हे मात्र कुठलाही डेटाबेस सांगणार नाही, त्यासाठी शीट भरणाऱ्या मॅडमनाच गाठावं लागेल.