बिबट्या अंगणात शिरला, की तो तिथेच होता?

२००२ साली आमच्या वस्तीवरून एक अर्ज गेला. 'बिबट्याचा बंदोबस्त करावा, तातडीने पिंजरा लावून त्यास लांबच्या जंगलात सोडावे,' असा मजकूर होता. खाली वीस-पंचवीस सह्या. त्यांत माझीही होती. त्या पंधरवड्यात शेजारच्या मळ्यातली एक कालवड आणि आमचा कुत्रा गेला होता. संध्याकाळी सातनंतर पोरांना कोणी ओट्याखाली उतरू देत नव्हते. पिंजरा आला, आत शेळी बांधली गेली, चौथ्या रात्री बिबट्या अडकला. पहाटे त्याला न्यायला गाडी आली तेव्हा सगळी वस्ती जमली होती आणि आम्ही सुटकेचा नि:श्वास टाकला होता.

त्यानंतर महिनाभरातच नवे ठसे दिसले. तो परत आला असे आम्ही म्हणालो. वस्तीवरच्या एका म्हाताऱ्या आजीने मात्र हसून विचारले, "आरं, त्यो काय आज आलाय व्हय? त्यो हितंच असतो. तुमी आज बगितला."

आजीचे ते वाक्य मी बरीच वर्षे सोबत घेऊन फिरलो. मी वनशास्त्राचा पदवीधर नाही. जे काही वाचले ते स्वतःच्या नादाने वाचले, पंचनाम्यांना हजर राहिलो, लोकांशी बोललो, वहीत नोंदी केल्या. 'बिबट्या मानवी वस्तीत शिरला' हे वाक्य आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि सहज बोलतोही. त्यातले 'शिरला' हे क्रियापद खरे आहे का, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे. प्रश्न शब्दाचा वाटला तरी पिंजरा लावायचा की नाही, त्याचे उत्तर या क्रियापदावर अवलंबून असते.

उसाचे रान

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे चार तालुके मिळून जुन्नर वनविभाग होतो. पश्चिमेला सह्याद्रीची धार, पूर्वेला कोरडवाहू पठार. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही पाच धरणे इथे उभी राहिली. कालव्याचे पाणी पोहोचले तिथे बाजरी हटली आणि ऊस आला. पाण्यामागोमाग माणसेही गावठाण सोडून मळ्यात राहायला गेली. आज या भागात हिंडले तर दाट वस्तीचे गाव कमी आणि शेतात विखुरलेली घरे जास्त दिसतात. घर, पुढे अंगण, बाजूला गोठा, आणि गोठ्याच्या भिंतीपासून दहा पावलांवर उसाची पहिली सरी.

हा ऊस बिबट्याच्या दृष्टीने काय आहे? सुरू ऊस बारा महिने उभा असतो, आडसाली सोळा-अठरा महिने. आत गारवा, पाटाला पाणी, पाचटाचे मऊ अंथरूण, आणि मोठा झालेल्या उसात माणसाचे जाणे जवळपास बंद. बिबट्याची मादी साधारण तीन महिने गाभण असते आणि बहुधा दोन-तीन पिल्ले देते. ती जागा शोधते ती आडोशाची, पाण्याजवळची, गडबड नसलेली. उसात हे सगळे मिळते. तोडणीचा हंगाम सुरू झाला की कोयता चालवणाऱ्या मजुरांना पाचटात डोळे न उघडलेली पिल्ले सापडतात ती यामुळे.

'जंगल तोडले म्हणून बिचारे गावात आले,' हे स्पष्टीकरण म्हणूनच पूर्ण पटत नाही. सह्याद्रीतले जंगल विरळ झाले, हे खरेच. पण उसात जन्मलेल्या, उसात वाढलेल्या आणि उसातच पिल्ले दिलेल्या बिबट्याने कोणते जंगल सोडले? त्याचे माहेर उसातच आहे.

तो खातो काय?

उसात हरणे नाहीत, सांबर नाही. मग हे जनावर जगते कशावर? याचे नेमके उत्तर अकोले तालुक्यात मिळाले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या शेतीच्या पट्ट्यात कॅमेरे लावले. हा पट्टा कुठल्या अभयारण्याचा भाग नव्हता. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात असा तो मुलूख. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार तिथे दर शंभर चौरस किलोमीटरमध्ये सुमारे पाच प्रौढ बिबटे होते आणि जवळपास तेवढेच तरस. रानमांजर, कोल्हा, एवढेच काय, मुठीत मावेल अशा पिल्लांची इवलीशी वाघाटीसुद्धा त्याच शिवारात होती. एवढे बिबटे असूनही माणसांवरचे हल्ले तिथे क्वचितच झाले होते.

याच भागातल्या बिबट्यांची विष्ठा तपासून त्यांच्या आहाराचाही अभ्यास झाला. वजनाच्या हिशेबात त्यांच्या खाण्यातला ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला. त्यात कुत्री ३९ टक्के, मांजरे १५ टक्के. शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट असूनही शेळ्यांचा वाटा केवळ ११ टक्के. कारण साधे आहे. शेळी रात्री आत बांधली जाते, तिला मालक असतो. कुत्रे उकिरड्यावर मोकळे फिरते, त्याची कोणी चौकशी करत नाही.

या आकड्यांशी मी माझी वही ताडून पाहिली. ज्या वस्त्यांवर ठसे वारंवार दिसत, तिथे बहुतेक वेळा जवळपास उकिरडा, ढाब्याचे खरकटे किंवा पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या टाकण्याची जागा होती. कोंबड्यांवर कुत्री आणि कुत्र्यांवर बिबट्या. म्हणजे जेवणाचे ताट आपणच वाढून ठेवतो आणि पाहुणा आला की दचकतो.

दुसऱ्या एका अभ्यासात पाच बिबट्यांच्या गळ्यात जीपीएस पट्टे घातले होते. ते रात्री घरांपासून पंचवीस मीटरच्या आत येत आणि माणसे उठायच्या आत आडोशाला जात. म्हणजे वस्ती झोपलेली असताना अंगण त्यांचे आणि उजाडल्यावर आपले, अशी पाळी लागलेली होती. आपल्याला तिची खबर नव्हती एवढेच. आजी म्हणत होती ते हेच.

आमच्या अर्जाचे काय झाले

आता त्या सहीकडे येतो. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागातून पकडलेले बिबटे मोठ्या प्रमाणावर दूरच्या जंगलांत नेऊन सोडले गेले. हेतू चांगलाच होता, आणि मागणी आमच्यासारख्यांचीच होती. परिणाम काय झाला, याचा हिशेब २०११ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात छापून आला. स्थलांतराची मोहीम सुरू होण्यापूर्वी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते. नंतर ते सतरावर गेले. हल्ल्यांतले जीवघेणे ठरणाऱ्यांचे प्रमाणही वाढले. बिबटे जिथे सोडले त्या जागांच्या आसपास हल्ले जास्त होते.

असे का व्हावे? बिबट्या आपापली हद्द धरून राहतो. तिथली पायवाट, पाणी, कुठल्या घरी कुत्रे आहे आणि कुठल्या घरी माणूस रात्री उठतो, हे त्याला ठाऊक असते. त्या माहितीच्या जोरावरच तो माणसाला टाळू शकतो. त्याला उचलून अनोळखी मुलखात टाकले की ही सगळी माहिती निरुपयोगी होते. पिंजऱ्यातली धडपड, दुखापत, माणसांची गर्दी यांचा ताण वेगळाच. तो घराकडे परतू पाहतो आणि वाटेत अनोळखी वस्त्या लागतात. इकडे त्याची रिकामी हद्द फार दिवस रिकामी राहत नाही. शेजारचा किंवा नुकता आईपासून सुटलेला तरुण बिबट्या तिथे येतो. आमच्या वस्तीवर महिनाभरात दिसलेले ठसे बहुधा अशाच एखाद्या नवख्याचे असावेत.

परतण्याची ही ओढ किती असते, ते 'आजोबा' नावाच्या बिबट्याने दाखवले. २००९ साली तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला तो विहिरीत पडला. त्याला काढून, पट्टा घालून माळशेज घाटात सोडले. तिथून तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे पोहोचला. वाटेत गावे, लोहमार्ग, महामार्ग आणि खाडी लागली, पण कोणाला इजा केली नाही. २०११ साली वाहनाच्या धडकेने तो मेला. त्याच्यावर पुढे मराठी चित्रपटही निघाला.

हे वाचल्यावर त्या अर्जावरच्या सहीबद्दल मला काय वाटले, ते सांगणे अवघड आहे. आम्ही भ्यालो होतो, आणि ते भय खोटे नव्हते. पण आमच्या दारातले संकट आम्ही कोणा अनोळखी माणसाच्या दारात नेऊन सोडण्याची मागणी करत होतो, हे तेव्हा एकाच्याही ध्यानात आले नाही.

वाघबारस

वसुबारसेला, आश्विन वद्य द्वादशीला, आपण गायवासराची पूजा करतो. अकोले-जुन्नरच्या डोंगरपट्ट्यातले महादेव कोळी आणि ठाकर त्याच तिथीला वाघबारस पाळतात. गुराखी शिधा गोळा करून वाघोबाच्या ठाण्यापाशी खीर रांधतात, नैवेद्य दाखवतात. पोरांतला कोणी वाघ होतो, बाकीचे त्याला शिवारातून हुसकतात. गुरे सांभाळ, आमच्या वाटेला जाऊ नकोस, असे मागणे असते. ठाणे, पालघरकडचे वारलीही वाघोबाला पुजतात. शेंदूर लावलेला दगड किंवा लाकडी फळी, तीवर वाघ आणि वर चंद्र-सूर्य कोरलेले. या देवात पट्टेरी वाघ आणि ठिपक्यांचा बिबट्या असा भेद नाही. दोघांनाही 'वाघ' हाच शब्द आहे.

या पूजेचा अर्थ 'आदिवासी निसर्गावर प्रेम करतात' असा गुळगुळीत लावू नये. ज्याचा वासरू गेला तो शिव्याच घालतो, मग तो कोणी का असेना. मला त्यात महत्त्वाचे दिसते ते वेगळेच. वाघोबाचे ठाणे शिवेवर असते. शेजारी बलवान आहे, तो जाणार नाही, म्हणून त्याच्याशी दरवर्षी करार नव्याने करायचा, असा तो व्यवहार आहे. मळ्यात उसासोबत आलेल्या आमच्या वस्तीपाशी असे ठाणेही नव्हते आणि असा करारही नव्हता. आम्हाला अर्ज तेवढा माहीत होता.

किंमत कोण देतो?

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग सहजीवन करा. शहरातल्या एका सभेत मी हेच सगळे सांगितले तेव्हा आमच्याच भागातून आलेला एक शेतकरी उठून म्हणाला, "भाऊ, तुमचं समदं बरोबर. मंग दोन तुमच्या सोसायटीत सोडा की." सभागृह हसले. मला हसू आले नाही. जुन्नर, शिरूर, आंबेगावात माणसे मेली आहेत, त्यांत लहान मुले आहेत. मूल गमावलेल्या आईला हद्दीचे शास्त्र सांगता येत नाही, सांगूही नये. माणसांवर पुन्हा पुन्हा हल्ला करणारे जनावर तिथून हलवावेच लागते, याबद्दल माझा वाद नाही. अशी जनावरे ठेवायला माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. वाद आहे तो दिसला बिबट्या की लाव पिंजरा, या सवयीशी.

कारण हल्ल्यांचे पंचनामे वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. बिबट्या सावज उंचीवरून जोखतो. उभा, चालता, बोलता माणूस त्याला सावज वाटत नाही. वाकून गवत कापणारी बाई, उघड्यावर बसलेला माणूस, अंगणात एकटे खेळणारे मूल हे अंधुक उजेडात वेगळे दिसतात. आणि अंधारात बाहेर कोण असते? ज्याच्या शेतपंपाला वीज रात्रीच्या पाळीत येते, तो बॅटरी घेऊन दारे धरायला जातो. ज्या घरात संडास नाही ते बाहेर जातात. ऊसतोड मजुराची कोपी शेताच्या कडेला असते, तिला दार नसते, आणि आईबाप पहाटे तोडीला गेले की पोरे त्या कोपीत एकटी असतात. बिबट्या सगळ्यांच्या अंगणात फिरतो, पण धोका सगळ्यांना सारखा नाही.

म्हणून पुढच्या अर्जात काय असावे, ते मी आता वेगळे लिहीन. शेतीला दिवसा वीज द्या. कोपीला दार आणि दिवा द्या. गोठ्याला छतासकट जाळी हवी, नुसत्या कुडावरून बिबट्या सहज आत उतरतो. विहिरींना कठडे बांधा. मेलेल्या कोंबड्या पुरा. उसात पिल्ले सापडली तर घरी आणू नका, तोड थांबवा आणि वनखात्याला कळवा. पिल्ले त्याच जागी क्रेटमध्ये ठेवली की बहुतेकदा रात्री मादी येऊन एकेक उचलून नेते. आमच्या भागात हे अनेकदा झाले आहे. पिल्ले हरवलेली मादी वस्तीभोवती घिरट्या घालत राहते, तेव्हा हे काम जेवढे तिच्या तेवढेच आपल्या हिताचे आहे.

गेल्या वर्षी वस्तीवर पुन्हा ठसे दिसले. पुन्हा अर्ज लिहायला काही मंडळी माझ्याकडे आली. तासभर वाद झाला. शेवटी पिंजऱ्याची मागणी अर्जात राहिलीच, पण दुसऱ्या क्रमांकावर. पहिल्या क्रमांकावर दिवसाच्या विजेची मागणी होती. त्या अर्जावरही मी सही केली आहे. वीज अजून रात्रीचीच आहे. आमच्या गल्लीतली माणसे मात्र आता दारे धरायला जोडीने जातात, आणि जाताना मोठ्याने बोलतात.