दार्जिलिंगच्या बोर्डिंगमधला शरद

पाऊस सरतो, कांचनगंगा दिसू लागते आणि दार्जिलिंगच्या मिशनरी निवासी शाळांत वर्षअखेरीची धांदल उडते. जपमाळेच्या प्रार्थना, दशैंचा टिळा, वार्षिक परीक्षा आणि घरी परतण्याचे वेध, सारं एकाच ऋतूत येतं. पण घरापासून शेकडो मैलांवर राहणाऱ्या या मुलांचं जग खालच्या गावाच्या सुखदुःखाशी किती घट्ट बांधलेलं असतं, हेही याच ऋतूने वेळोवेळी दाखवून दिलं आहे.

आपल्याकडे जूनच्या पावसाबरोबर शाळेची घंटा वाजते. नवी दप्तरं, कोरे रेनकोट, मग सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी, हे वेळापत्रक महाराष्ट्रातल्या घराघरांत पाठ असतं. दार्जिलिंगच्या जुन्या निवासी शाळांचं गणित निराळं आहे. इथलं शालेय वर्ष थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास सुरू होतं आणि नोव्हेंबर-डिसेंबरात कडाका वाढू लागताच संपतं. त्यामुळे आपली मुलं अंगणात मातीचे किल्ले बांधत असतात, तेव्हा इथली मुलं स्वेटरच्या बाह्या ओढून घेत वार्षिक परीक्षेची उजळणी करत असतात. हिवाळ्याच्या मोठ्या सुट्टीत वसतिगृहं ओस पडतात. शरद म्हणजे इथल्या वर्षाचा शेवट आणि त्याचबरोबर वर्षातला सर्वात देखणा काळ.

जून ते सप्टेंबर हे डोंगर धुक्यात आणि पावसात बुडालेले असतात. कपडे वाळत नाहीत, मैदानं चिखलाने भरतात. मग ऑक्टोबरात आकाश निवळतं आणि ८,५८६ मीटर उंचीचं कांचनगंगा शिखर एखाद्या सकाळी अचानक समोर उभं राहतं. महिनोन् महिने ढगांकडेच पाहणाऱ्या मुलांना ही वर्षातली सर्वात मोठी बातमी वाटली, तर नवल नाही.

नॉर्थ पॉइंटची गोष्ट

दार्जिलिंगमधली कॅथलिक शाळांची परंपरा बरीच जुनी. लोरेटो संघाच्या सिस्टर्सनी इथे १८४६ साली मुलींसाठी शाळा काढली. तेव्हा डोंगरावर येणारी आगगाडीसुद्धा नव्हती, ती आली १८८१ साली. मुलग्यांसाठी सेंट जोसेफ्स स्कूल उघडलं ते १८८८ मध्ये. बेल्जियमहून आलेल्या जेझुइट, म्हणजे येशूसंघाच्या धर्मगुरूंनी ते सुरू केलं. फादर हेन्री डेपेल्शिन हे त्याचे पहिले प्रमुख. कोलकात्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या उभारणीतही याच फादरांचा मोठा वाटा होता. पहिली चार वर्षं ‘सनी बँक’ नावाच्या जागेत काढल्यावर १८९२ साली शाळा गावाच्या उत्तर टोकाला, आजच्या भव्य इमारतीत गेली. तेव्हापासून लोक तिला ‘नॉर्थ पॉइंट’ म्हणूनच ओळखतात. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यावर कॅनडाहून आलेल्या जेझुइटांनी इथली धुरा उचलली.

या शाळेच्या बाकांवर शेजारच्या देशांचे राजपुत्रही बसले. नेपाळचे राजे बीरेंद्र आणि भूतानचे चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक हे नॉर्थ पॉइंटचे माजी विद्यार्थी. पण वसतिगृहाची ओळख अशा मोठ्या नावांवरून पटत नाही. ती पटते एका लांबलचक खोलीत ओळीने मांडलेल्या खाटांवरून. चहाच्या मळ्यातल्या बाबूचा मुलगा, कोलकात्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा, सिक्कीमचा आणि थिंफूचा मुलगा, सारे एकाच घंटेवर उठतात आणि एकाच रांगेत ताट घेऊन उभे राहतात.

जपमाळ आणि जमरा

शाळा कॅथलिक असली, तरी अशा शाळांमधली बरीच मुलं हिंदू आणि बौद्ध असतात. कॅथलिक मुलांना धर्मशिक्षण आणि इतरांना नीतिशिक्षण, ही विभागणी अशा शाळांत फार जुनी आहे. पण सण मात्र असे विभागता येत नाहीत, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात तर ते एकमेकांच्या पायात पाय घालून येतात.

ऑक्टोबर हा कॅथलिक पंचांगात जपमाळेचा महिना. ७ ऑक्टोबरला जपमाळेच्या मातेचा सण असतो आणि महिनाभर संध्याकाळच्या प्रार्थनेला जपमाळेची जोड मिळते. याच सुमारास बाहेर गावात नेपाळी भाषकांचा सर्वात मोठा सण, दशैं, सुरू झालेला असतो. आपल्या नवरात्राचंच हे डोंगरी रूप. घटस्थापनेला घरोघर जव पेरतात. त्याचे पिवळसर कोंब म्हणजे ‘जमरा’. दसऱ्याच्या दिवशी वडीलधारी मंडळी दही, तांदूळ आणि लाल रंग कालवून लहानांच्या कपाळी टिळा लावतात आणि जमरा देऊन आशीर्वाद देतात. हे टिळे कोजागिरीपर्यंत चालतात. घटातलं धान आणि कोजागिरीचं दूध ठाऊक असलेल्या मराठी माणसाला हा सण मुळीच परका वाटणार नाही.

दशैंच्या सुमारास शाळांना सुट्टी मिळते. जवळची मुलं घरी जाऊन कपाळभर टिळा लावून येतात. लांबची काही मुलं मात्र मागे राहतात. वसतिगृहाच्या भिंती सर्वात जास्त जाणवतात त्या याच दिवसांत. अशा वेळी डे-स्कॉलर मित्राच्या घरून आलेला सेलरोटीचा डबा काय काम करतो, हे बोर्डिंगमध्ये राहिलेल्यालाच कळेल. तांदळाच्या पिठाची ही गोड, कड्यासारखी तळलेली रोटी दशैं-तिहारात घरोघर होते.

मग तिहार, म्हणजे दिवाळी. झेंडूच्या माळा, दिवे, दारोदार जाऊन ‘देउसी-भैलो’ची गाणी म्हणणारी मुलं आणि शेवटच्या दिवशी भाइटीका, म्हणजेच आपली भाऊबीज. जवळपासच १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण आणि २ नोव्हेंबरला मृतांचा स्मरणदिन येतो. वसईच्या कॅथलिक कुटुंबांप्रमाणेच इथेही कबरींवर फुलं वाहिली जातात, मेणबत्त्या लावल्या जातात. आपल्या देशात घर करून इथल्याच मातीत विसावलेल्या परदेशी फादर-सिस्टरांचीही त्या दिवशी आठवण होते. पणत्या आणि मेणबत्त्या एकाच आठवड्यात पाहत मोठं होणाऱ्या मुलांना सर्वधर्मसमभावाचा वेगळा धडा द्यावा लागत नाही.

आणि या सगळ्यावर परीक्षेचं सावट असतंच. परीक्षा संपली की ‘गोइंग होम डे’. ट्रंका बाहेर निघतात, हरवलेले मोजे सापडतात, वर्षभर भांडलेले दोघे एकमेकांचे पत्ते लिहून घेतात. पूर्वी मोठ्या शहरांकडे जाणाऱ्या मुलांच्या तुकड्या शिक्षकांच्या देखरेखीखाली आगगाडीने रवाना होत. आता पालक सिलीगुडीच्या बागडोगरा विमानतळावर थांबलेले असतात. घरी जाण्याचा आनंद मात्र तेवढाच जुना आहे.

तीनशे मुली आणि तांदळाची पोती

दार्जिलिंगच्या बोर्डिंग परंपरेशी जगाला ठाऊक असलेलं एक नाव जोडलेलं आहे. १९२९ च्या जानेवारीत अल्बानियन वंशाची एक अठरा वर्षांची तरुणी लोरेटो संघात प्रशिक्षणासाठी दार्जिलिंगला आली. १९३१ मध्ये तिने इथेच पहिली व्रतं घेतली आणि पुढे कोलकात्याच्या एंटाली भागातल्या सेंट मेरीज शाळेत ती शिकवू लागली. १९४४ साली ती तिथली मुख्याध्यापिका झाली. ही सिस्टर तेरेसा, म्हणजेच पुढच्या मदर तेरेसा.

१६ ऑगस्ट १९४६ रोजी कोलकात्यात भीषण दंगल उसळली. शहर बंद पडलं. शाळेच्या वसतिगृहात सुमारे तीनशे मुली आणि कोठारात अन्न नाही, अशी वेळ आली. भिंतीबाहेर जायचं नाही, हा मठाचा नियम. पण मुलींच्या पोटासाठी सिस्टर तेरेसा एकट्या रस्त्यावर उतरल्या. वाटेत मृतदेह पडलेले होते. सैनिकांनी त्यांना थांबवलं आणि मग लॉरीतून शाळेत पोचवून तांदळाची पोती उतरवून दिली.

यानंतर महिन्याभरातच, १० सप्टेंबरला, त्या वार्षिक साधनेसाठी दार्जिलिंगच्या गाडीत बसल्या. गरिबांतल्या गरिबांमध्ये राहून काम करण्याची हाक आपल्याला याच प्रवासात ऐकू आली, असं त्या सांगत. त्यांच्या संस्थेत हा दिवस आजही प्रेरणादिन म्हणून पाळला जातो. शाळेच्या आत जपलेली मुलं आणि भिंतीबाहेरचं शहर यांचं नशीब वेगळं नाही, ही जाणीव एका बोर्डिंगच्या रिकाम्या कोठाराने करून दिली होती.

एकशे चार दिवस

असाच प्रसंग सात दशकांनी खुद्द दार्जिलिंगवर आला. २०१७ च्या जूनमध्ये, शाळांत बंगाली भाषा सक्तीची होणार या धास्तीतून गोरखालँडच्या जुन्या मागणीने पुन्हा पेट घेतला. १५ जूनपासून बेमुदत बंद सुरू झाला. दुकानं, वाहनं, चहाचे मळे, सारं ठप्प झालं. इंटरनेटही तोडण्यात आलं. रसद थांबल्यावर शेकडो मुलांना रोज जेवू कसं घालायचं, हा प्रश्न निवासी शाळांपुढे उभा राहिला.

अखेर आंदोलकांनी २३ जूनला फक्त बारा तासांची सवलत दिली. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. तेवढ्या वेळात बसगाड्यांच्या रांगा लागल्या आणि हजारो बोर्डर मुलं वळणावळणाच्या रस्त्याने सिलीगुडीकडे उतरली. परीक्षा नाही, निरोपसमारंभ नाही, अशी ती अवेळी आलेली ‘गोइंग होम डे’ होती. दूरदूरच्या पालकांनी त्या रात्री सुटकेचा नि:श्वास टाकला असेल.

पण त्या गाड्यांत दार्जिलिंगची मुलं नव्हती. डे-स्कॉलर म्हणून त्याच वर्गात बसणारी, सेलरोटीचा डबा आणणारी ही मुलं मागेच राहिली. शाळेच्या स्वयंपाक्यांची, माळ्यांची, मळ्यात पानं खुडणाऱ्या बायांची मुलंही राहिली. त्यांना जायला दुसरं गाव नव्हतं. त्या वर्षी मळ्यांच्या हातून चहाचा मोलाचा हंगाम गेला आणि त्याबरोबर मजुरीही गेली. काही शाळांनी दहावी-बारावीच्या मुलांसाठी सिलीगुडीत वर्ग चालवले, पण तिथे राहण्याची सोय प्रत्येकाला परवडणारी नव्हती.

२७ सप्टेंबरला बंद मागे घेतला गेला. १०४ दिवस झाले होते. तीनच दिवसांवर दसरा होता. गावात पुन्हा बाजार भरला आणि घरोघर टिळे लागले. शाळांपुढे आता नवं गणित होतं. साडेतीन महिने वाया गेलेले, हातात जेमतेम दोन, आणि वर आपलं मूल पुन्हा इथे पाठवायचं की नाही, या विचारात पडलेले पालक. १९८० च्या दशकातल्या आंदोलनानेही या शाळांची अशीच परीक्षा पाहिली होती. २०२० चा शरद तर आणखी वेगळा होता. करोनामुळे मार्चमध्येच शाळा बंद झाल्या आणि ऑक्टोबरात कांचनगंगा दिसू लागली, तेव्हा वसतिगृहात मुलंच नव्हती.

डोंगर कोसळतो तेव्हा

निसर्गही इथे शरदातच धाक घालतो. परतीचा पाऊस कधी कधी उशिरा आणि एकदम कोसळतो. १९६८ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला तीन-चार दिवस पडलेल्या पावसात दरडींनी शेकडो बळी घेतले, तीस्ता नदीवरचा अँडरसन पूल वाहून गेला. २०२५ मध्ये ४ ऑक्टोबरच्या रात्री पुन्हा तेच घडलं. मिरिक परिसरात दरडी कोसळल्या, दुधियाचा लोखंडी पूल तुटला, वीसहून अधिक माणसं दगावली. उतारावरची वाढती बांधकामं आणि तुटणारी झाडं यांमुळे धोका वाढतो आहे, हे जाणकार सांगत आले आहेत. डोंगरावरच्या प्रत्येक शाळेला आता पाठ्यपुस्तकातला भूगोल आपल्या कुंपणाबाहेर पाहावा लागतो.

पालकांनी काय पाहावं?

मूल निवासी शाळेत घालण्याचा विचार अनेक मराठी घरांत होतो. पाचगणीसारखी ठिकाणं जवळ असली, तरी काहींची नजर दार्जिलिंग-मसुरीपर्यंत जाते. शाळेची इमारत, निकाल आणि फी यांची चौकशी सगळेच करतात. त्याबरोबर आणखी काही प्रश्न विचारावेत. रात्री मूल आजारी पडलं, तर कोण जागं असतं? घरी बोलायची मुभा किती आणि ते बोलणं मोकळेपणाने होतं का? मोठ्या मुलांकडून होणाऱ्या छळाची तक्रार कुणाकडे करायची? रस्ता बंद झाला, तर मुलांना कुठे नेणार? सणाला घरी न जाणाऱ्या मुलांचं काय? आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे, मुलाला स्वतःला जायचं आहे का?

गावाशी शाळेचं नातं कसं आहे, हेही पाहायला हवं. स्थानिक मुलांना तिथे जागा आहे का, शाळेतले कर्मचारी किती वर्षं टिकून आहेत, सणावारी दारं उघडतात का? कारण अडचणीच्या वेळी दूध आणि भाजी त्याच गावातून येते, दरड पडल्यावर रस्ता मोकळा करायला तीच माणसं फावडी घेऊन धावतात.

‘सुर्सुम कोर्दा’ हे नॉर्थ पॉइंटचं लॅटिन ब्रीदवाक्य. मिस्सेतल्या प्रार्थनेतून आलेल्या या शब्दांचा अर्थ, आपली अंतःकरणं उंच करा. नोव्हेंबरच्या अखेरीस ट्रंका गाडीवर चढतात, मुलं सिलीगुडीच्या उतरणीला लागतात आणि शिखर मागे पडतं. वर राहतात ते शाळेचे शिपाई, स्वयंपाकी, मळ्यातल्या बाया आणि त्यांची मुलं. फेब्रुवारीत पुन्हा घंटा वाजेल, तेव्हा परतणाऱ्या मुलांसाठी चूल पेटवून ठेवणारे हात त्यांचेच असतील.